हॉटेलातला पास्ता आणि घरची वरणफळे

आरोग्याच्या सदरात हॉटेलातल्या जेवणाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण अलीकडे दवाखान्यात दोन प्रश्न इतक्या वेळा विचारले जातात की त्यांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून आजचा हा लेख. पहिला प्रश्न असा : "डॉक्टर, ऑलिव्ह ऑईल सुरू करू का? हृदयाला चांगले असते म्हणतात." दुसरा प्रश्न आईवडिलांचा : "मुले पिझ्झा-पास्त्याचा हट्ट धरतात. ते खाणे अगदीच वाईट का हो?" गंमत अशी की हे दोन्ही प्रश्न एकाच मुलखाच्या खाण्याविषयी आहेत. इटलीचे तेल ते औषध आणि इटलीचा पिझ्झा ते विष, असे कसे होईल?

या कोड्याचे अर्धे उत्तर वैद्यकीय ग्रंथांत आहे. उरलेले अर्धे मला २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात नेपल्स शहरातल्या एका लहानशा खाणावळीत, रात्रीच्या जेवणाला बसलो असताना मिळाले. आधी ग्रंथातला भाग सांगतो.

नेपल्सची कीर्ती

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत धडधाकट, खात्यापित्या घरचे पुरुष ऐन पन्नाशीत हृदयविकाराने जात होते. त्या काळात, १९५१ साली, रोम येथील एका परिषदेत अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञांना नेपल्सचे प्राध्यापक जिनो बेर्गामी यांनी सांगितले की, आमच्या शहरात हा आजार फारसा दिसतच नाही. कीज यांना ते खरे वाटेना. १९५२ च्या सुरुवातीला ते पत्नी मार्गारेट यांच्यासह नेपल्सला पोहोचले. मार्गारेटबाई रसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी तेथील कामगारांचे रक्त तपासले, तेव्हा कोलेस्टेरॉलचे प्रमाण अमेरिकनांपेक्षा बरेच कमी निघाले. शहरातल्या मूठभर श्रीमंतांचे, म्हणजे रोज मांस आणि लोणी खाणाऱ्यांचे, कोलेस्टेरॉल मात्र वरच होते. शहर एक, हवा एक, आणि फरक ताटातला!

पुढे १९५८ साली कीज यांनी सात देशांची मोठी पाहणी सुरू केली. त्यात इटलीतली क्रेव्हालकोरे आणि मोन्तेज्योर्ज्यो ही दोन गावे होती. भूमध्य समुद्राकाठच्या आहाराची जगभर जी ख्याती झाली तिची सुरुवात ही अशी. कीज यांनी नेपल्सच्या दक्षिणेला प्योप्पी नावाच्या कोळ्यांच्या गावात घर बांधले, तेथे अनेक वर्षे काढली आणि २००४ साली वयाची शंभरी गाठून ते वारले. त्यांच्या पाहणीवर टीकाही भरपूर झाली. देश त्यांनी स्वतःच निवडले होते आणि अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे आक्षेप रास्त आहेत. नंतर स्पेनमध्ये सुमारे ७,४०० लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१३ साली निघाला, गट पाडण्यातल्या त्रुटींमुळे मागे घेतला गेला आणि २०१८ साली दुरुस्त होऊन पुन्हा छापला गेला. त्या आहारात ऑलिव्ह तेल किंवा बदाम-अक्रोड भरपूर घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा हा आहार चांगला, याला आधार आहे. प्रश्न उरतो तो या आहारात नेमके चांगले काय, हा.

एक जेवण, चार टप्पे

माझा भाचा नेपल्सच्या विद्यापीठात संशोधन करतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. एका संध्याकाळी तो आणि त्याचा तिथला एक सहकारी आम्हाला जेवायला घेऊन गेले. बोळातली खाणावळ, आठ-दहा टेबले, त्यांवर कागद अंथरलेला. आम्ही शाकाहारी असल्याचे त्यांनी आधीच कळवून ठेवले होते.

मला वाटले होते, पास्त्याने भरलेले ताट पुढे येईल. आधी आल्या त्या भाज्या. निखाऱ्यावर भाजलेली वांग्याची काप, ढोबळी मिरची, काकडीसारखी दिसणारी झुकिनी, आणि एका वाटीत उकडलेले पांढरे बी, आपल्या पावट्याच्या जातकुळीतले. वर कच्चे तेल, लिंबू, मीठ. याला 'आंतीपास्तो' म्हणतात, म्हणजे जेवणाच्या आधीचे. हे खाण्यात आणि गप्पांत वीस मिनिटे सहज गेली. पुढचा पदार्थ यावा म्हणून कोणी घाई करीना, वाढप्यालाही घाई नव्हती.

मग खोलगट थाळीत पास्ता आला. काबुली चणे शिजवून, काही घोटून, काही अख्खे ठेवून, लसणाच्या फोडणीत त्यातच पास्त्याचे तुकडे शिजवलेले. 'पास्ता ए चेची', म्हणजे चणे आणि पास्ता. पहिला घास घेताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ही तर आपली वरणफळे!" आणि खरोखर तसेच होते. डाळीत कणकेचे तुकडे सोडून शिजवायचे ही युक्ती नागपूरच्या स्वयंपाकघराला सुचली तशीच नेपल्सच्याही सुचली. पण थाळीतला पास्ता बघून मला तो फार थोडा वाटला. भाच्याला विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "मामा, इथे पास्ता म्हणजे अख्खे जेवण नव्हे. तो जेवणातला एक टप्पा."

इटलीच्या आहारतज्ज्ञांनी पास्त्याचे एका माणसाचे माप कोरडा असताना ८० ग्रॅम असे ठरवले आहे. आपल्या हिशेबाने ते सुमारे तीन पोळ्यांचे पीठ होते.

वाढप्याने किसलेले चीज आणले तेव्हा भाच्याने हात आडवा धरला. शाकाहारी वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. इटलीचे नामांकित पार्मेजानो चीज वासराच्या जठरातले विरजण घालूनच करतात, तसा त्यांचा नियमच आहे. आपल्याकडे वेष्टनावर हिरवा ठिपका असलेले चीज वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या विरजणाचे असते.

त्यानंतर त्या दोघांसाठी लहान ताजे मासे आले. आमच्यासाठी आली एक कडसर पालेभाजी, मोहरीच्या पाल्याची आठवण करून देणारी, लसूण आणि तेलावर परतलेली. शेवटी द्राक्षे. गोड पदार्थांची पाटी भिंतीवर होती, पण रोजच्या जेवणाचा शेवट तिकडे बहुधा फळानेच करतात. टेबलावर पाण्याची बाटली होती, त्या दोघांपुढे थोडी वाइन. पावणेदोन तासांनी आम्ही उठलो आणि समुद्राकाठच्या रस्त्यावर अर्धा तास चाललो. सारे गाव तिथे लोटले होते. म्हातारी जोडपी, बाबागाड्या ढकलणारी मंडळी, शाळकरी मुले. संध्याकाळच्या या फिरण्याला त्यांच्या भाषेत 'पासेज्याता' असा खास शब्द आहे. आपल्या भाषेतही शब्द आहे, शतपावली. शब्द राहिला, पावले तेवढी गेली.

चांगले नेमके कशात आहे?

या जेवणातले तेल मी बाजूला ठेवतो आणि तीन गोष्टी मोजतो. क्रम, माप आणि वेळ.

आधी क्रम. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये एक छोटा पण बोलका प्रयोग झाला. मधुमेहाच्या ११ रुग्णांना एकच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी दिले. योगायोगाने त्यातला पाव इटालियनच होता. एका दिवशी आधी पाव आणि संत्र्याचा रस, पंधरा मिनिटांनी भाज्या आणि कोंबडी. दुसऱ्या दिवशी उलटे, आधी भाज्या आणि कोंबडी, मग पाव आणि रस. पदार्थ तेच, वजन तेच. पण भाज्या आधी खाल्ल्या त्या दिवशी रक्तातली साखर अर्ध्या तासाने सुमारे २९ टक्के आणि तासाने सुमारे ३७ टक्के कमी होती. भाज्यांतला चोथा आणि प्रथिने आधी पोटात गेली की पिठूळ पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात, असे याचे कारण सांगतात. रुग्ण अकराच होते हे खरे. पण पदरचा पैसा न मोडता करून पाहण्याजोगा हा उपाय आहे.

आता माप. पास्ता जाड, कठीण 'ड्युरम' गव्हाच्या रव्याचा करतात. इटलीत १९६७ सालापासून तसा कायदाच आहे. आपल्याकडे रवा-शेवयांसाठी नावाजलेला बन्सी गहू याच जातीचा. या गव्हाचा पास्ता दाताखाली किंचित लागेल इतपतच शिजवला तर त्यातली पिष्टे घट्ट जाळ्यात अडकून राहतात आणि साखर पांढऱ्या पावापेक्षा सावकाश वाढते. पण सावकाश वाढते म्हणून दुप्पट खाल्ले तर हिशेब तिथेच येतो. पिझ्झाचेही तसेच. नेपल्सचा खरा पिझ्झा एका माणसाला एक असतो. त्याचा कणकेचा गोळा साधारण अडीचशे ग्रॅमचा, म्हणजे आत दीडशे ग्रॅमच्या आसपास मैदा. आपल्या पाच-सहा पोळ्यांचे पीठ झाले. तेव्हा नेपल्सचा म्हणून तोही हलका नाही. फरक इतकाच की तो खाल्ला की बहुतेक जण तिथेच थांबतात. त्यातला 'मारिनारा' हा पिझ्झा तर नुसत्या टोमॅटो, लसूण, ओवा-जातीचा पाला आणि तेलाचा. त्यावर चीज नसतेच! दुसऱ्या दिवशी दुपारी मी तोच खाल्ला.

तिसरी गोष्ट वेळ. सावकाश जेवणाऱ्याला पोट भरल्याची जाणीव ताट संपायच्या आत होते, दहा मिनिटांत उरकणाऱ्याला ती हात धुतल्यावर होते. आणि जेवणानंतरच्या चालण्याविषयी न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०१६ साली ४१ मधुमेही रुग्णांवर केलेला अभ्यास आहे. दिवसातून एकदा ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटे चालण्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी, तर रात्रीच्या जेवणानंतरची २२ टक्क्यांनी कमी राहिली. शतपावलीला यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र कोणते हवे?

तिकडचे सारेच मात्र उचलू नये. ती खाणावळ साडेसातच्या आधी उघडत नव्हती. रात्री नऊनंतर जेवण्याची सवय आपल्याला आधीच आहे, ती आणखी वाढवायला नको. वाइनचा पेला हृदयाला चांगला, असे पूर्वी म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले की आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. शिवाय इटलीची आजची मुले आजीच्या ताटापासून दूर चालली आहेत. युरोपात लठ्ठ मुलांचे प्रमाण जिथे जास्त आढळते त्या देशांत इटली, ग्रीस आणि स्पेन आहेत. ज्यांनी जगाला हा आहार शिकवला त्यांच्याच नातवंडांची ही गत. आहार रक्तातून येत नाही, रोजच्या ताटातून येतो.

आपल्याकडे काय पोहोचले?

आता आपल्या तालुक्याच्या गावाकडे येऊ. इटलीच्या नावाने आपल्याकडे जे पोहोचले त्यात भाज्यांचा पहिला टप्पा नाही, चणे-पावटे नाहीत, पालेभाजी नाही, शेवटचे फळ नाही. पोहोचला तो मधला पिठाचा टप्पा, आणि तोही फुगवून. आधी लोणी लावलेला लसूणपाव, मग जाड मैद्याच्या तळाचा पिझ्झा, त्याच्या कडेतही भरलेले चीज, सोबतीला मैदा-लोणी-दुधाच्या पांढऱ्या रश्शातला पास्ता आणि घसा ओला करायला कोला. ३०० मिलिलिटरच्या अशा एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. ही जोडणी नेपल्सच्या माणसापुढे ठेवली तर तो हे आपले जेवण म्हणून ओळखणार नाही.

दुसरीकडे ऑलिव्ह तेल. तेल चांगले आहे, वाद नाही. पण कोणत्याही तेलाप्रमाणे त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक असतातच. घरच्या स्वयंपाकात भाजी तीच, पोळ्या त्याच, बसणे तेच, आणि वरून महागडे तेल, अशाने हृदय फसत नाही. ज्या ओलेइक आम्लासाठी त्या तेलाचा गौरव होतो ते आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही भरपूर असते. ज्याला परवडते त्याने ऑलिव्ह तेल जरूर आणावे, पण दुसऱ्या तेलाच्या जागी, दुसऱ्या तेलाच्या जोडीला नव्हे. ज्याला परवडत नाही त्याने त्याच पैशाची भाजी आणावी. माझे स्पष्ट मत असे की आपल्या जिल्ह्यातल्या बहुसंख्य घरांसाठी हा दुसरा सौदाच किफायतशीर आहे.

हे सारे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्या लोकांत तुमच्या-आमच्या घरचा तिशी-चाळिशीचा कर्ता माणूस आहे. त्याला आज काही होत नाही, म्हणून तो तपासून घेत नाही. या माणसाला मागे ओढून आणता येते, आणि त्याची पहिली पायरी ताटात आहे.

आपले जुने ताट सर्वगुणसंपन्न होते, असे मात्र मी म्हणणार नाही. आपली पंगत वरणभाताने सुरू होते, कोशिंबीर चिमटीएवढी असते आणि भाजीपेक्षा पोळी-भाकरीचा ढीग मोठा असतो. शेतात दिवसभर राबणाऱ्याला ते पचत होते. खुर्चीवर बसणाऱ्याला ते तसेच्या तसे चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे खा म्हणते. आपण घरी एकदा तराजूत घालून पाहावे, निम्मी तरी भरतात का.

करायचे काय?

घरी जेवायला बसताना आधी कोशिंबीर, काकडी, टोमॅटो, मोडाची उसळ घ्यावी. पाच-दहा मिनिटांनी पोळी-भात सुरू करावा. वरणफळे केली तर डाळ जास्त आणि फळे कमी ठेवावीत, सोबत पालेभाजी घ्यावी. ते कोणत्याही परदेशी हॉटेलाच्या तोडीचे जेवण होईल. पास्ता घरी आणताना वेष्टनावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिले आहे की मैदा, ते वाचावे. माणशी ८० ग्रॅमवर जाऊ नये आणि त्यात तितक्याच भाज्या घालाव्यात. रात्री जेवल्यावर दहा मिनिटे अंगणात, गल्लीत, गच्चीवर चालावे.

मुलांना पिझ्झा बंद करू नये. बंदीने हट्ट वाढतो. महिन्यातून एखादे वेळी जावे, एक पिझ्झा दोघांत वाटून घ्यावा, आधी सॅलड मागवावे, लसूणपाव आणि कोला वगळावा, पाणी प्यावे. मूल भुकेने कासावीस असेल त्या वेळी तर भाजीही खाते, म्हणून ती आधी समोर ठेवावी.

इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना एक विशेष सूचना. हॉटेलात ताट यायला उशीर होतो. घरून इंजेक्शन घेऊन निघू नये, जेवण समोर आल्यावर घ्यावे की कसे, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. क्रम बदलायचा म्हणून पोळी-भात फार लांबवू नये, साखर एकाएकी उतरू शकते.

शेवटी आमच्या गावातल्या हॉटेलमालकांना एक विनंती. आपण गावाचे अन्नदाते आहात. पत्रिकेवर अर्धी थाळी आणि अर्धा पिझ्झा यांचे भाव छापा. गिऱ्हाईक बसल्याबरोबर पापड ठेवता त्या जागी काकडी-गाजराची वाटी ठेवून पाहा. त्याने गल्ला कमी होईल असे मला वाटत नाही. झालाच तर थोडा होईल, आणि तेच गिऱ्हाईक आणखी वीस वर्षे तुमच्याकडे येत राहील.